पदराच्या गाठीतला खडू

नागपूरहून परत आले तेव्हा शेजारणीपासून आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, संत्री आणलीत का? आणली होती. करंडीभर आणली होती. सगळी वाटून टाकली, स्वतः एक फोड तोंडात घातली नाही. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. चार दिवसांचा मुक्काम, पण अंगावरून उतरायला तयार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी साताऱ्याची. मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये, कधी रजा काढून, गावोगाव व्याख्यानं देते. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. तोंडं शिवून बसलेल्या माणसांना आता ऐकायलाही हवं होतं आणि बोलायलाही. व्याख्यानमालांना नुसता ऊत आला होता. माझा विषय ठरलेला, ‘बोलण्याची कला’. ऐकणाऱ्याच्या मनाची पकड कशी घ्यावी, तो घरी जाताना थोडा बरा माणूस होऊन कसा जाईल, हे मी तीन व्याख्यानांत सांगते. आवाज शेवटच्या रांगेसाठी, नजर पहिल्या रांगेसाठी आणि गोष्ट मधल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्यासाठी, हे माझं लाडकं वाक्य. ते म्हटलं की मधली रांग हसते आणि जागी होते.

आणखी एक युक्ती होती, ती मात्र मी कुणाला शिकवत नसे. गावात गेलं की दुपारी यजमानांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. बायका बोलतात. त्यातली एखादी खरी गोष्ट उचलायची, नावगाव काढून टाकायचं आणि संध्याकाळी व्यासपीठावरून सांगायची. थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकून लोकांचे कान किटलेले असतात. आपल्याच आळीचा वास असलेली गोष्ट परक्या बाईच्या तोंडून ऐकली की माणसं ताठ बसतात. बार्शी म्हणू नका, परभणी म्हणू नका, ही युक्ती कुठेही फसली नव्हती. नागपुरातही फसली नाही. तेच तर सांगायचंय.

शनिवार

गाडीतल्या दीड दिवसाचं काय सांगायचं, अंग आंबलं एवढंच. स्टेशनवर रामभाऊ आले होते. ज्या वाचनालयाने मला बोलावलं त्याचे ते कार्यवाह. उंच, किडकिडीत, कानाला मफलर गुंडाळलेला. घराणं हातमागावरच्या विणकरांचं, पण ते स्वतः सरकारी कचेरीत कारकून. “या जी बाई, या. गाडी टायमावर आली, म्हंजे शकुन चांगला हाय,” म्हणत त्यांनी माझी बॅग सायकलरिक्षात ठेवली. नागपूर म्हणजे ऊन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जानेवारीत तिथे सकाळी दात वाजतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली एक विरलेली शाल घेऊन गेले होते.

रामभाऊंचं घर सक्करदऱ्याच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरलं की एखाद्या घरातून मागाचा खटक-खटक आवाज येतो, मग दोनचार घरं सामसूम, मग पुन्हा खटक-खटक. “पयले घरोघरी माग होता,” रामभाऊ म्हणाले. “आता बाकीचे आमच्यासारखे खुर्चीवर बसून राह्यले.” हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं की बरं वाटत होतं, कळलं नाही.

नाश्त्याला पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, फार तर लिंबाची फोड. तिथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. रामभाऊंची बायको मंदावहिनी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “जास्त झालं का जी? लेकरांयसाठी करतो तसंच केलं, कमी तिखटाचं.” तिथे बायकाही ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. मला गंमत वाटली आणि मी ते वहीत टिपून घेतलं. मी सगळंच टिपून घेते.

दुपारी तलावाकाठी फिरून आलो. संध्याकाळी वाचनालयाच्या पटांगणात पहिलं व्याख्यान. सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, पुढे खुर्च्यांची एक रांग. अध्यक्षस्थानी एक वकीलसाहेब होते. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस भला, पांढरेशुभ्र केस, बोलणं गोड. वस्तीजवळ एक खाजगी शाळा आहे, तिच्या समितीचेही तेच अध्यक्ष.

व्याख्यान पडलं. साफ पडलं. लोक शांत बसले, आणि वक्त्याला शांततेतला फरक कळतो. काही शांतता ऐकणारी असते, काही घड्याळ बघणारी. माझं लाडकं वाक्य टाकलं तर मधल्या रांगेत कुणीतरी खोकलं. नागपूरचा माणूस पाहुण्याला टाकून बोलत नाही, पण उगाच टाळीही देत नाही. आमच्याकडे कसं, व्याख्यान पडलं तरी टाळ्या पडतात.

जेवताना मी रामभाऊंना खोदून खोदून विचारलं. ते भाताशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, “चांगलंच झालं बाई. पन लोकायले थोडं पुस्तकातलं वाटलं. इथला मानूस कसा हाय, त्याच्या पाठीवर हात ठेवून बोललं का मंग तो ऐकते.”

मला झोंबलं. तर्रीपेक्षा जास्त झोंबलं. पंधरा वर्षं मी लोकांना पाठीवर हात कसा ठेवायचा तेच शिकवत होते. उद्या दाखवते तुम्हाला, असं मनात म्हणत मी झोपले.

रविवार

दुपारी मंदावहिनी पाटोडीचा रस्सा करत होत्या. बेसन शिजवून थाळीला थापायचं, वड्या कापायच्या आणि सावजी मसाल्याच्या रश्शात सोडायच्या. मी पाट ओढून बसले. मदतीला शेजारची एक बाई आली होती. चाळिशी उलटलेली, सावळी, लांबसडक बोटांची. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघणारी. “ही कौसल्या,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या गल्लीतलीच. शाळेत घंटा देते.” म्हणजे त्या खाजगी शाळेत ती शिपाईण होती.

तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीभोवती पांढरट डाग. मी सहज विचारलं, “गाठीत काय, सुपारी का?”

मंदावहिनी हसल्या. “दाखव नं वं.”

कौसल्याने हात पुसले, गाठ सोडली. आत अंगठ्याच्या पेराएवढा खडू होता.

मग ती बोलली. वड्या कापता कापता, तुटक तुटक. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचे डोळे गेले, माग विकला. शाळेत शिपाईण हवी होती, पण चौथी पास हवी होती, आणि कौसल्याला अक्षर येत नव्हतं. थोरली बहीण वत्सला चौथी पास झालेली. ती पहिल्या बाळंतपणात गेली होती, पण तिचा दाखला बापाने ट्रंकेत जपून ठेवला होता. “तो दाखला घेतला आन् मी वत्सला झाली. सही कराले पायजे ना जी, म्हून वत्सला एवढं लिहाले शिकली. बाकी कोरी पाटी.”

मुख्याध्यापक वर्गावर्गात चिठ्ठ्या पाठवत. कोणती चिठ्ठी कुठल्या वर्गाची ते हिला कळायचं नाही. मग ती पहिल्या वर्गापासून सुरुवात करायची, बाईंपुढे चिठ्ठी धरायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. रोजची भीती. म्हणून घंटा देऊन झाली की ती पहिलीच्या वर्गाच्या खिडकीखाली जाऊन उभी राहू लागली. वर्गात पडलेले खडूचे तुकडे पदराला बांधायचे, पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर अक्षर काढायचं, तळहाताने पुसायचं. तीन वर्षं. “आता पेपर वाचतो मी,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “शाळेतला पेपर सांजच्याले घरी आनतो, नवऱ्याले वाचून दाखवतो. त्याले दिसत नाई ना.”

खडू आता कशाला बांधतेस, मी विचारलं. “सवय झाली जी. गाठ हाताले लागली का बरं वाटते.”

मग कापणं थांबवून म्हणाली, “गल्लीले ठाऊक हाय, शाळेले नाई. तुमी परगावच्या, म्हून सांगतलं. कोनाले सांगू नोका.”

“छे गं, मी कुणाला सांगणार?” मी म्हटलं. आणि हे म्हणत असतानाच माझ्या डोक्यात संध्याकाळचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नसतं. आज करते.

उठताना तिने विचारलं, “तुमी बोलाले शिकवता म्हनं. मले बी शिकाचं हाय. मनात बम राह्यते, तोंडात येत नाई.” बम म्हणजे पुष्कळ. मी म्हटलं, ये की संध्याकाळी, बायकांत बस. म्हणजे ती आली, मागे खांबाशी बसली, तीही माझ्या बोलावण्यावरून.

मी सावध होते. निदान मला तसं वाटत होतं. नाव काढलं. बहीण काढली. दाखल्याचा तर उच्चारही करायचा नाही असं ठरवलं. शाळा आणि घंटा काढून ‘एके ठिकाणी काम करणारी बाई’ असं केलं. राहिला फक्त खडू. तो कसा काढणार? तोच तर गोष्टीचा जीव. तपशील एकच द्या, पण असा द्या की ऐकणारा मेला तरी विसरणार नाही, हे मीच शिकवते. वाचनालयाच्या फळ्याखालून मी एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या पदराला बांधून वर चढले.

काय बोलले ते सगळं लिहीत नाही, नाहीतर इथेही तुम्ही डोळे पुसाल. शेवटी मी पदर पुढे घेतला, सावकाश गाठ सोडली आणि खडू दोन बोटांत धरून उंच केला. एक शब्द बोलले नाही. मग बायकांतली एक मान मागे वळली. मग दोन. मग अख्खी बाजू वळली, खांबाकडे बघायला लागली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला वाटलं, गोष्ट इतकी आत गेली की यांना माझ्याकडे बघवेना.

टाळ्या थांबेनात. पुढच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ चष्मा काढून पुसत होते. वकीलसाहेब समारोपाला उठले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. “ही माउली कल्पनेतली नाही,” ते म्हणाले. “मला आत्ताच मागून कळलं, ती आपल्याच वस्तीतली आहे, आपल्याच शाळेत आहे. उद्या याच मंचावर शाल-श्रीफळ आणि मानपत्र देऊन आपण तिचा सत्कार करू.” पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या. खांबाजवळची जागा रिकामी होती. लाजली बिचारी, असं मला वाटलं.

रामभाऊ घरी जाताना एवढंच म्हणाले, “आज तुमी पाठीवर हात ठेवला बाई.” पण त्यांचा चेहरा खुललेला नव्हता. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी हवेत होते.

सोमवार

सकाळी रामभाऊंनी मला एसटीने उमरेडला नेलं. तिथे अजून बरेच माग चालतात, ते बघायची हौस मीच धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळायला आलेली तूर, हरभऱ्याची शेतं, मध्येच सागाची झाडी. आमच्याकडे नजर कुठेतरी डोंगराला जाऊन अडते. तिथे ती जातच राहते.

एका घरात म्हातारे विणकर करवतकाठी लुगडं विणत होते. काठाचे करवतीसारखे दाते इतके नेमके, की मी बोट फिरवून बघितलं. मग हौसेने म्हटलं, एकदा मला आडव्या धाग्याचा धोटा मारू द्या. मारला. वेडावाकडा गेला आणि पाचपंचवीस धागे तटातट तुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारे हसले. “तोडाले घडी नाई लागत बाई. जोडाले दुपार जाते,” म्हणत खाली वाकून एकेक धागा जोडत बसले. मी लगेच वही काढली. वाक्य छान होतं, संध्याकाळी वापरता आलं असतं.

चारच्या सुमाराला घरी आलो. मंदावहिनी दारात उभ्या होत्या. पाणी आणलं नाही, बसा म्हणाल्या नाहीत.

“बाई, काहून सांगतलं तुमी?”

घडलं ते असं. वकीलसाहेब सकाळी अकराला मानपत्राचा मजकूर करायला शाळेत गेले. आपल्याकडे मानपत्र म्हटलं की नाव, वय, शिक्षण, सगळं लागतं. त्याशिवाय मानपत्र कसलं? त्यांनी नोंदवही मागवली. वहीत वत्सला, शिक्षण चौथी पास. चौथी पास बाईला अक्षर येत नव्हतं म्हणजे काय? कौसल्याला बोलावलं. खोडसाळपणा नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. तिने काही लपवलं नाही. विचारलं तेवढं सांगून टाकलं.

दोन वाजेपर्यंत राजीनामा झाला होता. “तिनंच लिहिला,” वहिनी म्हणाल्या. “सोताच्या हातानं. सायेबांनी सांगतलं, तिनं लिहिला. आन् सही वत्सलाचीच घेतली. कागदावर तेच नोकरीले होती ना.”

मी म्हटलं, “मी नाव नव्हतं घेतलं, वहिनी.”

“पदराले खडू बांधनारी दुसरी कोन हाय आमच्या इथं?” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तशीच वकीलसाहेबांकडे गेले. रामभाऊ बरोबर आले. साहेबांनी आम्हाला बैठकीत बसवलं, चहा आणि संत्राबर्फी मागवली. मी हात जोडले. पोटावर पाय येतोय हो, घरात आंधळा नवरा आहे, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, काल माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शप्पथ. अजूनही त्या बाईबद्दल मला आदरच आहे. पण दाखला दुसरीचा. उद्या कुणी तक्रार केली तर शाळेची मान्यता जाईल. पोलिसात दिलं नाही, ते केवळ तुमच्या व्याख्यानामुळे.” मग जरा थांबून म्हणाले, “शाल मात्र आणून झाली आहे.”

एका भल्या माणसापुढे माझं काही चाललं नाही. तो दुष्ट असता तर मी भांडले असते.

संध्याकाळी पटांगण भरून वाहत होतं. खडूची गोष्ट ऐकून लांबलांबच्या वस्त्यांतून लोक आले होते. मी ठरवलेलं व्याख्यान बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं. त्या बाईने मला सांगू नका म्हटलं होतं, मी सांगितलं. तुमच्या टाळ्यांसाठी सांगितलं. आज तिची नोकरी गेली. ही कला नाही, चोरी आहे, आणि चोरीचा माल तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलात. आता भरपाई करू. उद्या अकरा वाजता शाळेच्या फाटकाशी जमू, सगळे मिळून तिला परत घ्यायला सांगू. कोण कोण येणार? हात वर करा.

सगळे हात वर झाले. पुरुषांचे, बायकांचे, कडेला उभे होते त्यांचेही. मी एवढे हात आयुष्यात बघितले नव्हते. मी खाली बसले तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

वकीलसाहेबही उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. माइकवर येऊन म्हणाले, “इतकं प्रांजळ भाषण या व्यासपीठानं ऐकलं नव्हतं. स्वतःची चूक चारचौघांत सांगायला वाघाचं काळीज लागतं.” आणि कौसल्यासाठी आणलेली शाल त्यांनी माझ्या खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. मी नको म्हणत होते, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. आवाज शेवटच्या रांगेसाठी म्हणे.

मंगळवार

अकराला पाच मिनिटं कमी असताना मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. रामभाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मंदावहिनी आल्या होत्या. आम्ही तिघं.

शाळेची घंटा झाली. दुसऱ्याच कुणीतरी दिली, ठोके देताना मध्ये चुकली. रस्त्यावरून माणसं जात होती. कालची काही होती, मी चेहरे ओळखत होते, कारण नजर पहिल्या रांगेसाठी असते. एक जण सायकलवरून पाय टेकवून थांबला, नमस्कार केला. “काल बम बोलल्या बाई. घरी गेल्यावर बायकोले सारं सांगतलं.” मी म्हटलं, थांबताय ना? “ऑफिस हाय नं जी,” म्हणाला आणि गेला. ओळखीच्या दोन बायका समोरच्या बाजूने गेल्या. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

अर्धा तास झाला. “काल हात तर साऱ्यायनं वर केले होते,” रामभाऊ म्हणाले.

“तुमीच तं करा म्हनलं ना,” मंदावहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. “व्याख्यानात करतेत तसे केले.”

खरंच होतं. दरवेळी मी हात वर करायला लावते, श्रोते गुंगले की नाहीत ते बघायला. पहिल्या दिवशीही लावले होते. आम्ही तिघंच आत गेलो. वकीलसाहेब नव्हते. मुख्याध्यापकांनी खुर्च्या दिल्या आणि समितीचं काम समितीलाच विचारा म्हणाले.

गाडी दुपारची होती. मी शाल घेऊन कौसल्याच्या घरी गेले. एक खोली, पुढे ओसरी. ओसरीवर उन्हात तिचा नवरा बसला होता. ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. माग चालवणाऱ्या शेजाऱ्याचं ते काम, कांडीमागे मजुरी. नोकरीच्या आधी ती हेच करायची. मला बघून उठली, पाट दिला, चहा टाकू का विचारलं. नको म्हटलं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. तीन दिवस भाषणं करणाऱ्या बाईला एवढंच सुचलं. शाल तिच्यापुढे धरली. “ही तुझीच होती.”

तिने शालीचा पदर चिमटीत धरून चोळून बघितला, विणकराच्या घरची बाई बघते तसा. “मिलची हाय,” म्हणाली. “धुतली का आकसंन.” नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मग चरखा फिरवत म्हणाली, “तुमी बोलता मस्त जी. अर्ध्यापर्यंत मले समजलंच नाई का माही गोष्ट हाय. मले वाटलं कोन बाई असंन ते, बम हिमतीची हाय. मधात टाळ्या बी वाजवल्या मी. मंग साऱ्या बाया मांगं पाहाले लागल्या.”

ती रागावली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी पाय तरी धरले असते. तिच्या पदराला गाठ नव्हती. टोकाला चुरगळलेली खूण तेवढी होती.

“पेपर आला का वं?” ओसरीवरून नवऱ्याने विचारलं.

“आज नाई आनला,” ती म्हणाली. चरखा थांबवला नाही.

स्टेशनवर रामभाऊंनी संत्र्यांची करंडी खिडकीतून आत दिली. तिकडची माणसं निरोप देताना ‘याल जी पुढच्या साली’ म्हटल्याशिवाय राहत नाहीत. रामभाऊंनी नमस्कार केला आणि गाडी हलायच्या आधीच वळले.

साताऱ्याला आल्यावर मी वकीलसाहेबांना तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, माझ्या अक्षराची स्तुती होती. कौसल्याला मनिऑर्डर पाठवली, ती परत आली. शाल ट्रंकेत आहे. एकदा धुतली, आकसली.

इथवर लिहून थांबले असते तर माझी बाजू जरा बरी दिसली असती. पण सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं, की त्यानंतर ती गोष्ट मी दोनदा सांगितली. एकदा सोलापूरला, व्याख्यान पडायला लागलं तेव्हा. एकदा बेळगावला, तिथे तर पडायलाही लागलं नव्हतं. दोन्हीकडे बायकांनी डोळे पुसले. आणि ही तिसरी वेळ. या खेपेला खूप सावध राहिले आहे. कौसल्या हे तिचं नाव नाही, वत्सला तिच्या बहिणीचं नाही, रामभाऊंचंही बदललं आहे. वस्ती दुसरीच सांगितली आहे. खडू मात्र बदलला नाही. बदलून पाहिला होता, गोष्ट उभीच राहीना.